अडीच इंच पुरेसे होते

विषय : लाल रंगाच्या टर्बो गाडीखाली बसवलेल्या तीन इंची सायलेन्सर पाइपाबाबत.

संदर्भ : १) गाडी जप्त केल्याची पावती. २) श्रीमती गवा सालीए यांचा गाडी सोडण्याबाबतचा अर्ज. ३) त्याच श्रीमती सालीए यांचा दुसरा अर्ज, जो कोणत्याही नमुन्यात बसत नाही.

वरील विषयास अनुसरून निवेदन करतो की, तो पाइप मीच बोलतोय. लांबी दहा फूट, व्यास तीन इंच, जात स्टेनलेस स्टील. सध्याचा मुक्काम केप टाऊनबाहेरच्या सपाटीवर, जप्त वाहनांच्या आवारात, चौथी रांग, कार्यालयाच्या भिंतीलगत.

पाइपाच्या तोंडी ही भाषा कुठून आली, असं कुणी विचारील. गाडी ओढून आणणाऱ्यांनी ती उलटी लावली, त्यामुळे माझं मागचं तोंड नेमकं कारकुनाच्या खिडकीखाली आलं. कारकुनाचं नाव मिस्टर सप्टेंबर. ते आडनाव आहे. त्यांच्या साहेबांचं आडनाव एप्रिल. बोटीतून गुलाम ज्या महिन्यात उतरवले त्या महिन्याचं नाव त्यांना चिकटवायची जुन्या मालकांची पद्धत होती. मालक गेले, महिने पगारपत्रकावर राहिले. मिस्टर सप्टेंबर शिक्का मारण्याआधी प्रत्येक कागद मोठ्याने वाचतात. नऊ आठवडे मी ते ऐकतोय. रुंद पाइपाचे फायदे फारसे नाहीत, पण ऐकू चांगलं येतं.

माझा जन्म बूटा तोयरच्या मागच्या अंगणातल्या वर्कशॉपमध्ये झाला. बूटा म्हणजे थोरला भाऊ. आमच्या वस्तीत केस पांढरे झालेल्या प्रत्येक पुरुषाला तो मान मिळतो, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. तोयर मात्र कारागीर होता. गाडी चालू करून तिच्या मागे उकिडवा बसायचा, पाइपाच्या तोंडामागे वीतभर अंतरावर तळहात धरायचा आणि डोळे मिटायचा. धुराचा दाब, धडधड, कुठे गळतंय, कुठे अडतंय, सगळं त्याला हाताला कळायचं.

समोरच्या घरातला इगशान सालीए गाडी घेऊन आला तेव्हा मी भिंतीला टेकवलेली एक सरळ नळी होतो. शेजारी अडीच इंची नळी उभी होती. दोघांचंही भवितव्य पुढच्या दहा मिनिटांत ठरलं.

"किती घोडे?" तोयरने विचारलं.

"दोनशे, बूटा. कागद आहे माझ्याकडे."

"मग अडीच इंच."

"तीन."

"दोनशे घोड्यांचा धूर अडीच इंचातून गाणं म्हणत जातो. तीन इंच लागतं साडेतीनशेच्या पुढे. तुझे उरलेले दीडशे घोडे कुठे आहेत? खिशात?"

"पण टर्बोला मागे मोकळं लागतं, तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

"लागतं. टर्बोची चक्की धुरावर फिरते. पुढे धूर तुंबला की ती दमते. म्हणून हा जुना पावणेदोन इंची काढून टाक, मी कुठे नको म्हणतो? पण मोकळं म्हणजे किती? तुझ्या आईला बसायला खुर्ची दिलीस तर तिला बरं वाटेल. फुटबॉलचं मैदान दिलंस म्हणून जास्त बरं वाटेल का?"

इगशानने मान खाली घातली. मग खरं कारण बाहेर आलं.

"बूटा, सिग्नलला उभं राहिलं की बाजूचा गाडीवाला काच खाली करून विचारतो, पाइप कितीचा आहे? अडीच सांगायला लाज वाटते हो."

टर्बो गाडीला योग्य पाइप निवडण्याचं शास्त्र असं आहे. घोडे मोजतात, धूर मोजतात, तक्ते बघतात, आणि शेवटी सिग्नलवरचा अनोळखी माणूस काय म्हणेल त्यावर व्यास ठरतो.

तोयरने मला उचललं.

त्याहून मोठी चूक पुढे झाली. टर्बोतून निघाल्यावर पहिले दोन फूट इंजिन आणि पत्रा यांच्यामधल्या अडचणीतून जातात. तिथली जुनी मान दोन इंची होती. ती बदलायची तर अर्धं इंजिन उतरवायला हवं, म्हणजे आणखी तीन दिवस. इगशानला शनिवारी गाडी मित्रांना दाखवायची होती.

"ते राहू द्या, बूटा. ते कुणाला दिसतंय?"

"धुराला."

"धूर बोलत नाही."

मग त्या दोन इंची मानेला एक नरसाळं लावून त्याच्या मागे मला डकवण्यात आलं. मधला आवाज गिळणारा डबा इगशानने नको म्हटला. शेवटचा डबा होता, पण आतून पोकळ. गाडीची ताकद तिच्या सर्वात अरुंद जागेवर ठरते, हे तोयरला माहीत होतं, मला लगेच कळलं, आणि इगशानला कळायला दोन वर्षं लागायची होती. घशातून जेवढं उतरायचं तेवढंच उतरत राहिलं. मी त्याच्या मागे विनाकारण ऐसपैस. या आवाराला पाहिलं की मला माझी प्रकृती आठवते: आत चार हजार गाड्या मावतील एवढी जागा, आणि बाहेर पडायला हातभर रुंदीची एक खिडकी.

वेग वाढला नाही. आवाज वाढला. दर सकाळी साडेपाचला इगशान बेकरीच्या पाळीला निघायचा आणि गल्लीला ते कळायचं. गतिरोधक आला की माझं पोट घासायचं, ठिणग्या उडायच्या. हमरस्त्यावर शंभरच्या वेगाला गाडीत एक घुमघुम सुरू व्हायची, ती डोक्यात शिरायची आणि घरी पोचल्यावरही तिथेच राहायची.

इगशानची आई गवा रविवारी सकाळी मांडीवर ताट घेऊन मागच्या सीटवर बसायची. ताटात कूसिस्टर, म्हणजे तळून पाकात बुडवलेले, खोबरं लावलेले गोड वडे. ठरलेल्या घरी ते नाश्त्याच्या आधी पोचलेच पाहिजेत, नाहीतर लोक आजारपणाची चौकशी करायला येतात.

"इगशान, माझी कवळी हलतेय."

"वेगामुळे, मा."

"वेग? आत्ता तो सायकलवाला पुढे गेला."

"मा, तू आवाज ऐक ना. काय भारी आवाज आहे."

"ऐकतेच आहे. दुसरं काही ऐकू येतंय कुठे? बाजूला रुगाया बसलीय, ती बोलतेय की जांभई देतेय तेही कळत नाही."

रुगाया ही तोयरची बायको, गवाची चाळीस वर्षांची मैत्रीण. गेल्या थंडीत तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, आणि रविवारची फेरी बंद झाली. डॉक्टरांनी सकाळची झोप मोडू नका म्हणून सांगितलं. त्यानंतर साडेपाचला मी धडधडत बाहेर पडायचो तेव्हा समोरच्या दारात तोयर कप घेऊन उभा दिसायचा. माझ्याकडे बघायचा आणि दुसऱ्या हाताचा तळवा पायजम्याला पुसायचा.

एका बुधवारी सिग्नलला दोन अधिकारी यंत्र घेऊन उभे होते. त्यांनी यंत्र माझ्या तोंडाशी धरलं, आकडा पाहिला, पुन्हा धरलं.

"तक्रार आहे तुझ्या गाडीची. लेखी."

"कुणाची?"

"ते गुप्त असतं."

"बाजूला उभ्या त्या बसचा आवाज माझ्याहून मोठा आहे!"

"बसची तक्रार आलेली नाही."

अशा रीतीने मी इथे आलो. इथला नियम सुबक आहे. कायद्यात बसणारा पाइप लावल्याशिवाय गाडी आवाराबाहेर जाऊ शकत नाही. पाइप वर्कशॉपमध्ये लागतो. वर्कशॉप आवाराबाहेर आहे. कारागिराला आत आणून काम करायचं तर परवानगी लागते, परवानगीसाठी अर्ज लागतो, अर्जावर मालकाची सही लागते, आणि गाडी आईच्या नावावर आहे. नव्वद दिवसांत गाडी सुटली नाही तर ती भंगारात निघते. आवाराच्या मागच्या भिंतीपलीकडे गाड्या दाबून त्यांची चौकोनी वडी करायचं यंत्र आहे. ते दुपारी जेवणानंतर चालू करतात.

गवाने पहिल्याच आठवड्यात अर्ज केला. तो सरळ होता, आणि मिस्टर सप्टेंबर यांनी तो सरळ मार्गी लावला. तो मंजूरही झाला असता.

पण त्याच महिन्यात गवाचा हजचा नंबर लागला. तेरा वर्षं यादीत नाव होतं. आमच्याकडे हजला निघणारा माणूस सामान शेवटी बांधतो. आधी घरोघर जाऊन माफी मागतो. नातेवाईक, शेजारी, दुकानदार, कधी भांडण झालेले, कधी नुसते बोलणं राहून गेलेले. कुणाच्या मनात आपल्याबद्दल काही राहिलं असेल तर त्या मनाने माफ केल्याशिवाय जायचं नाही. गवाने यादी केली. एकशे बारा घरं. गाडी इथे अडकलेली, म्हणून ती बसने आणि पायी हिंडली. एकशे अकरा झाली. एका ओळीत नाव नव्हतं. ज्याने तक्रार केली तो.

ती खिडकीशी आली तेव्हा मला फक्त तिचे बूट दिसत होते. डाव्या बुटाची टाच झिजलेली.

"मिस्टर सप्टेंबर, मला नाव हवंय."

"आंटी, नाव देता येत नाही. लोक जाऊन भांडतात."

"मी भांडायला नाही, माफी मागायला जाणार आहे."

"सगळे असंच म्हणतात."

"सगळे हजला चाललेत का?"

मिस्टर सप्टेंबर यांनी शिक्का खाली ठेवला. ते चर्चला जाणारे गृहस्थ आहेत. असा मुद्दा त्यांच्यासमोर आधी आला नव्हता.

"असं करा, आंटी. लेखी द्या."

हे वाक्य ते सर्वांनाच म्हणतात. माणूस त्यानंतर साधारणपणे निघून जातो. गवा गेली नाही. तिने तिथेच कागद मागितला, गाडीच्या टपावर ठेवून लिहिला आणि आत सरकवला. मिस्टर सप्टेंबर यांनी तो सवयीप्रमाणे मोठ्याने वाचला.

"अर्जदाराच्या गाडीने एका अज्ञात व्यक्तीची झोप मोडली आहे. गाडी अर्जदाराच्या नावावर असल्याने मोडलेली झोपही तिच्याच नावावर आहे. तरी सदर व्यक्तीचे नाव कळवावे, म्हणजे अर्जदारास माफी मागून गुरुवारच्या विमानाने जाता येईल."

शिक्का पडला. त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. माझ्या आवाजाबद्दल पहिल्यांदाच कुणीतरी माफी मागायला निघालं होतं. हा कागद पहिल्या अर्जाच्याच फाइलीत लागला, याकडे माझं लक्ष गेलं नाही. तिचंही नाही.

उत्तर आलं नाही. गुरुवार जवळ आला. सोमवारी ती पुन्हा आली, सोबत इगशान आणि तोयर. तोयरला माप घेण्यापुरती परवानगी मिळाली होती. इगशानला खिडकीशी फॉर्म भरायला बसवलं. तोयर पाठीवर झोपून माझ्याखाली सरकला. एवढ्या महिन्यांनी त्याचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. म्हातारा झाला होता.

गवा बाजूला उभी राहिली.

"तोयर, तू माझ्या यादीत राहिलास. तुझ्या घरी आले तेव्हा तू नव्हतास, रुगायाने माफ केलं. तू कर. या आवाजाने तुमच्याही घराला त्रास झालाच असणार."

मापाची फीत माझ्यावरून सरकली आणि थांबली.

"तोयर? ऐकू येतंय का?"

"येतंय."

"मग बोल की. मला अजून तो तक्रारवाला शोधायचाय. तीन दिवस राहिलेत. त्याने माफ केल्याशिवाय मी विमानात बसायची नाही, हे इगशानला सांगून ठेवलंय. तिकीट गेलं तरी चालेल."

फीत खडखड करत आपोआप डबीत गेली. तोयरने पुन्हा ओढली नाही.

"गवा, तक्रार मी केली."

बूट हलले नाहीत.

"रुगाया दचकून उठायची," तोयर माझ्याशी बोलत असल्यासारखा सांगत होता, "छातीवर हात ठेवून बसायची. टाके ओले होते. मी पोराला सांगायला तीन वेळा रस्ता ओलांडला. तिन्ही वेळा परत आलो. काय सांगणार? बनवलाय मीच."

"मग कागद लिहायला बरं रस्ता ओलांडावा लागला नाही."

"नाही."

"तू बनवलास, पैसे तू घेतलेस, आणि तक्रारही तूच केलीस."

"मी अडीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस ना? मग तीनचा का बसवलास?"

"त्याने ऐकलं नाही."

"तो माझं ऐकत नाही, त्याच्या साहेबाचं ऐकत नाही. तो माझा मुलगा आहे. तू कारागीर आहेस!"

भिंतीपलीकडचं यंत्र चालू झालं, एक गाडी दाबली गेली, बंद पडलं.

"त्या पंधरवड्यात दुसरं एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं," तोयर म्हणाला. "अडीचवर अडून बसलो असतो तर तो पलीकडच्या गल्लीत गेला असता. तिथल्याने साडेतीनचा बसवला असता."

"बाहेर ये."

"राहू दे. तू जा आधी."

"तोयर, बाहेर ये. गाडीखालून माफी मागतात का? आणि मी खाली सरकायची नाही, माझे गुडघे बघितलेस का?"

तो सरकत बाहेर आला. दोन जोड्या बूट समोरासमोर उभे राहिले. पुढचं मला दिसलं नाही, ऐकू आलं. ती म्हणाली, माझ्या गाडीने तुझ्या घराला जे दिलं ते माफ कर. तो म्हणाला, केलं. मी तुझ्या पाठीमागे जे केलं ते तू माफ कर. डाव्या बुटाची टाच दोनदा जमिनीवर घासली गेली. मग म्हणाली, "करते. पण रागावून करते. मक्केला पोचेपर्यंत राग जाईल, लांबचं विमान आहे." आणि एवढं झाल्यावर तोयर हसला की रडला ते मला नक्की सांगता येणार नाही, पाइपातून दोन्ही सारखंच ऐकू येतं.

खिडकीशी इगशान अडला होता. फॉर्मवर एक रकाना होता: प्रस्तावित पाइपाचा व्यास.

"लिहा," मिस्टर सप्टेंबर म्हणाले.

"लिहायलाच हवं का?"

"रकाना आहे."

इगशान मागे वळला. "बूटा, कितीचा?"

"तुला माहितीय."

मागे रांगेत सहा-सात जण उभे होते, सगळे आपापल्या गाड्यांसाठी आलेले, सगळ्यांचे कान तिकडे. इगशानने घसा खाकरला.

"अडीच."

"मोठ्याने," मिस्टर सप्टेंबर म्हणाले. "आकडा मला पुन्हा वाचून घ्यावा लागतो."

"अडीच इंच! अडीच!"

"आणि ती दोन इंची मान?" तोयरने विचारलं.

"तीही बदला. तीन दिवस लागू द्या."

रांगेत कुणीही हसलं नाही. एक जण म्हणाला, "माझाही अडीचचाच आहे, मित्रा. सगळ्यांना तीन सांगतो." हे दोन वर्षांपूर्वी सिग्नलला कुणी म्हणालं असतं तर मी आज इथे नसतो.

गवाने सर्व कागदांवर सह्या केल्या, मिस्टर सप्टेंबर यांना कूसिस्टरचा डबा दिला आणि त्यांचीही माफी मागितली, कारण तिने त्यांना चार वेळा मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. मिस्टर सप्टेंबर यांनी ती स्वीकारली. त्यासाठी फॉर्म नव्हता. गुरुवारी ती गेली.

शुक्रवारी फाइल मिस्टर एप्रिल यांच्याकडे गेली आणि सोमवारी परत आली. मिस्टर सप्टेंबर यांनी शेरा मोठ्याने वाचला आणि मग, हे त्यांनी कधी केलं नव्हतं, पुन्हा एकदा हळू आवाजात वाचला. फाइलीत अर्जदाराचा अन्य एक अर्ज, तक्रारदाराचे नाव कळवण्याबाबत, अनिर्णित आहे. फाइलीतील एक अर्ज अनिर्णित असता दुसऱ्यावर निर्णय घेता येत नाही. नाव देण्याची तरतूद नाही. नाव नाकारण्यासाठी नमुना नाही. सबब अर्ज मागे घ्यावा. मागे घेण्यासाठी अर्जदाराने समक्ष यावे.

तोयर दुसऱ्याच दिवशी आला. म्हणाला, ते नाव माझं आहे, तिला कळलंय, मी इथे समक्ष उभा आहे. मिस्टर सप्टेंबर म्हणाले, बूटा, तुम्ही अर्जदार नाही. तोयर म्हणाला, मग माझी तक्रार मागे घेतो. त्यासाठीही लेखी लागतं. त्याने लेखी दिलं. तो कागदही त्याच फाइलीत लागला, त्यामुळे आता फाइलीत अनिर्णित अर्ज दोन झाले.

जाताना तोयर माझ्यामागे उकिडवा बसला. इंजिन बंद होतं, तरी त्याने तळहात धरला. मग उठला.

माझी स्वतःची मागणी थोडी आहे. मला काढा. कापा, वितळवा, कुंपणाचा खांब करा. ज्या कामाला जेवढा लागेन तेवढाच मला वापरा. पण गाडी त्या यंत्रात जाऊ देऊ नका. तिच्या मागच्या सीटवर बसणाऱ्या दोघींना अजून एकमेकींशी बरंच बोलायचं आहे.

सद्यःस्थिती पुढीलप्रमाणे. आज मंगळवार, त्रेसष्टावा दिवस. अडीच इंची नवा पाइप आणि अडीच इंची मान तोयरच्या वर्कशॉपमध्ये तयार आहे. रुगायाची प्रकृती बरी आहे. गवाचं विमान अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी येतं. तो शनिवार आहे, कार्यालय बंद. सोमवारी नव्वदावा दिवस. खिडकी साडेआठला उघडते. अर्ज प्रलंबित आहे.